काळा, मऊ आणि "ओरिजनल"

मंगळवार, रात्र

आज दिवसभर प्रयोगशाळेत टेबलावर चरसचेच नमुने. लाखेचं सील पडताळून पाकीट उघडलं की पहिल्यांदा वर्णन लिहायचं: बाहेरून काळपट, तोडल्यावर आत हिरवट तपकिरी, चिकट, वास उग्र. हे वर्णन कितीही नेमकं लिहिलं तरी त्यावरून चरस सिद्ध होत नाही.

भाचा परवा जेवताना सांगत होता, "मावशी, सिंहगड रोडच्या हॉस्टेलवरची पोरं गोळी बोटांत मळून बघतात. मऊ आणि काळी असली की म्हणतात मलाण्याचा ओरिजनल माल." तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मेण मिसळलं तरी गोळी मऊ लागते. काळेपणा तर हवा लागूनही येतो. मलाण्याकडे, म्हणजे हिमाचलात, गांजाच्या ओल्या झाडाचे शेंडे तळहातांवर चोळून राळ काढतात, तिच्यात पानांचा चुरा, घाम, मळ सगळं येतं. मोरोक्कोत वाळलेली झाडं चाळून भुकटी दाबतात, म्हणून तो माल बहुधा फिकट असतो. रंगावरून फार तर पद्धतीचा अंदाज येतो. नशा आणणारं टीएचसी उजेडाने, उष्णतेने झिजत जातं, त्याचं कमी नशेचं कॅनाबिनॉल होतं, आणि हे बोटांना कळत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र अस्वलाच्या नखासारखे वाकडे केस दिसतात, बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटचा खडा. आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे. मला हे दृश्य अजूनही फार आवडतं. पण असे केस इतर वनस्पतींतही सापडतात, म्हणून पुढे ड्युकेनॉय-लेव्हिन चाचणी: जांभळा रंग आला पाहिजे आणि तो क्लोरोफॉर्मच्या थरात उतरला पाहिजे. त्यानंतरही खात्रीसाठी जीसी-एमएस, म्हणजे घटक वेगळे करून एकेक ओळखणारं यंत्र. आम्ही एवढं करतो आणि ही पोरं चिमटीत निकाल लावतात!

वजनाचंही त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात चरसची अल्प मात्रा १०० ग्रॅमपेक्षा कमी, व्यावसायिक १ किलोपेक्षा जास्त. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मिश्रणाचं वजन भेसळीसकट धरायचं. म्हणजे माल जितका भेसळीचा, तितका आरोपपत्रावरचा आकडा जड. आणि १०० ग्रॅमच्या आतही गुन्हा गुन्हाच, एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

रविवारी भाचा येतोय. त्याच्या मित्रांनाही घेऊन ये म्हणून उद्या फोन करते.