गारफील्ड बोलत नाही

गारफील्ड नावाच्या बोक्यावरच्या व्यंगचित्र-मालिकेतल्या (कॉमिक स्ट्रिप) अगदी पहिल्या पट्टीपाशी मी दोन आठवडे थांबले आहे. १९ जून १९७८ ची ती पट्टी अमेरिकेतल्या ४१ वर्तमानपत्रांत आली होती. तीन चौकटी. पहिलीत जॉन आर्बकल सांगतो की मी व्यंगचित्रकार आणि हा माझा बोका. दुसरीत गारफील्ड तेच फिरवून म्हणतो, मी बोका आणि हा माझा व्यंगचित्रकार. तिसरीत जॉन म्हणतो, आमच्या मनात विचार एकच, तुमची करमणूक करायची. आणि गारफील्ड म्हणतो, मला खायला घाल.

लहानपणी मी दुसऱ्या चौकटीला हसायचे. ‘माझा’ कोण कुणाचा, एवढंच तेव्हा कळायचं. आता मला वाटतं की खरा विनोद तिसऱ्या चौकटीत आहे, आणि तो, ज्यांत पात्रांचे शब्द लिहिलेले असतात त्या फुग्यांच्या शेपटीत आहे. जॉनच्या फुग्याला टोकदार शेपूट असते, म्हणजे तो तोंडाने बोलतोय. गारफील्डच्या फुग्याखाली छोटे छोटे गोल असतात, म्हणजे ते फक्त त्याच्या मनात आहे. आता जॉनचं वाक्य पुन्हा वाचा. ‘आमच्या मनात विचार एकच.’ बोक्याच्या मनातलं हा माणूस परस्पर सांगून मोकळा झाला, आणि त्याच चौकटीत, त्याच्या अगदी शेजारी, बोक्याच्या मनातला खराखुरा विचार छापलेला आहे. तो जॉनला दिसत नाही, आपल्याला दिसतो.

हे लक्षात आलं त्या रात्री मी ताईला फोन केला. ती म्हणाली, “अगं, पेपरातली पट्टी आहे ती. हसायचं आणि पान उलटायचं.” मला ते पटत नाही. गारफील्ड काढणारा जिम डेव्हिस अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका शेतावर वाढला, आणि तिथे पंचवीसेक मांजरं होती. गारफील्डच्या आधी त्याने एका चिलटावर पट्टी काढली होती, पण ती चालली नाही. किड्यामध्ये कुणाला आपलं माणूस दिसत नाही, असं त्याला ऐकावं लागलं. मग त्याने पाहिलं की पट्ट्यांमध्ये कुत्रे पुष्कळ आहेत, मांजरं फारशी नाहीत. इतका विचार करून आलेल्या बोक्याला त्याने बोलका केला नाही, मनातल्या मनात बोलणारा केला. हे मला सहज घडलेलं वाटत नाही.

कारण मांजर पाळणारा प्रत्येक जण तो फुगा स्वतःच भरत असतो. आमची मनी नऊ वर्षांची आहे. डॉक्टरांकडे गेलं की मी म्हणते, “आम्हाला हे गार टेबल अजिबात आवडत नाही हं.” आम्हाला! सकाळी वाटीपाशी ती माझ्याकडे बघते आणि मी दोघींचंही बोलणं पार पाडते, तिचं जरा किनऱ्या आवाजात. जॉनही तेच करतो. फरक इतकाच की त्याच्या बोक्याचा फुगा दुसऱ्या कुणीतरी भरून ठेवला आहे, आणि तो जॉनच्या समजुतीशी जुळत नाही.

मग मी कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या आणि जुन्या संग्रहातल्या काही पट्ट्यांवर गारफील्डचे फुगे झाकून बघितले. २००८ मध्ये डॅन वॉल्श नावाच्या एकाने पट्टीतून गारफील्डलाच पुसून टाकलं होतं. तिथे उरतो तो रिकाम्या घरात एकट्याशी बडबडणारा जॉन, आणि ते बघून घशाशी काहीतरी येतं. मी मात्र बोका ठेवला, फक्त त्याचे शब्द काढले. तेवढ्याने सगळं बदललं. एक माणूस टेबलावर कोपर टेकून मांजराशी बोलतोय आणि मांजर समोर बसलंय. हे दुःखी नाही, हे आमचं स्वयंपाकघर आहे.

गारफील्डची लाझान्याची (थरांच्या इटालियन पास्त्याची) हाव, सोमवारचा तिटकारा, कोळी किडे चिरडणं यांवर मला फारसं सांगायचं नाही. त्या ठरलेल्या गमती आहेत, आणि रोज पट्टी द्यायची म्हणजे त्या लागतातच.

एक गाठ मात्र अजून सुटत नव्हती. पुष्कळदा गारफील्डने मनात म्हटलेल्या गोष्टीला जॉन उत्तर देतो, जणू त्याला ऐकूच आलं. मग फुग्याखालच्या त्या गोलांचा नियम मोडला का? चिठ्ठ्या लावलेल्या पट्ट्या काल पुन्हा बघताना लक्षात आलं, की अशा काही चौकटींत शब्द झाकूनही जॉनचं उत्तर बरोबर लागतं. गारफील्डच्या पापण्या अर्ध्यावर आलेल्या असतात, नजर वाटीकडे किंवा जॉनवर रोखलेली असते. त्या पापण्या मी ओळखते. सकाळी सव्वासहाला माझ्या उशीपाशी त्याच असतात, आणि मी “आले गं, आले” म्हणत उठते.