चुकलेला आकडा कसा दुरुस्त कराल?

गोव्यातील वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीत २०१९ च्या पावसाळ्यात मी मुलाखतीला गेले होते. नोकरीसाठीची ती माझी पहिलीच खरी मुलाखत होती. गुणवत्ता नियंत्रण विभागाच्या प्रमुखांनी दोन-तीन जुजबी प्रश्न विचारले आणि मग एक कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर वजनांच्या नोंदींचा तक्ता होता आणि एका चौकटीत ४.८२ ऐवजी ४.२८ लिहिले गेले होते. "हे दुरुस्त करून दाखवा," एवढेच ते म्हणाले. शाळेपासून हाताला जडलेल्या सवयीने मी दोनावर आठ आणि आठावर दोन असे गिरवून काढले, आणि मूळचे काही दिसू नये म्हणून वरून आणखी एकदा पेन फिरवले. त्यांनी कागद परत घेतला आणि "कळवू" म्हणाले. त्यांनी काही कळवले नाही.

औषधांच्या कारखान्यात चुकलेला आकडा असा दुरुस्त करत नाहीत, हे मला नंतर समजले. खालचा आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ त्यावर मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, सही करायची, तारीख घालायची आणि चूक का झाली ते थोडक्यात नोंदवायचे. गिरवणे, खोडरबर आणि पांढरी शाई यांना तिथे पूर्ण मज्जाव असतो, कारण पुढे तपासणीला येणाऱ्या माणसाला आधी काय लिहिले होते, ते कोणी बदलले आणि केव्हा बदलले, हे तिन्ही दिसायला हवे. खाडाखोड केली की गुण कापले जातात, हे ऐकत वाढलेल्या आम्हा मुलांना चूक झाकण्याचीच शिकवण मिळालेली असते, आणि नोकरीचा अर्ज लिहितानाही आम्ही तेच करतो, असे मला आता वाटते. निदान मी तरी केले होते.

मी डिचोली तालुक्यातली. रसायनशास्त्र घेऊन २०१८ साली पदवीधर झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यावर खाणी बंद पडल्या. बाबांचा ट्रक खनिजाच्या वाहतुकीवर होता. तो अंगणात उभा राहिला आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच राहिले, म्हणून पुढील दीड वर्ष मी साखळीच्या बाजारात एका नातेवाइकांच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसून हिशेब पाहत होते. माझ्या बायोडेटात या दीड वर्षाचा उल्लेखच नव्हता. विज्ञानाच्या पदवीधर मुलीने खिळे आणि पाइप विकले, हे कंपनीला कशाला सांगायचे, असा माझा हिशेब होता. उलट जे मी केले नव्हते ते मात्र ठसठशीत अक्षरांत लिहिले होते : "एचपीएलसी हाताळण्याचा अनुभव." वास्तविक महाविद्यालयाच्या एका सहलीत द्रावणातील घटक वेगळे करून मोजणारे ते यंत्र मी काचेपलीकडून पाहिले होते. त्यामुळे त्या पहिल्या मुलाखतीत, कागद पुढे येण्याआधी, "इंजेक्शन व्हॉल्यूम किती ठेवत होता?" म्हणजे एका वेळी यंत्रात किती नमुना सोडत होता, असा अगदी साधा प्रश्न आला तेव्हा मी गप्प बसले. दहा किंवा वीस मायक्रोलिटर असे उत्तर त्या यंत्रावर महिनाभर काम केलेला कोणीही झोपेत देऊ शकतो. मुलाखत खरे तर तिथेच संपली होती. कागद हा केवळ उपचार होता.

त्या दिवसांत घरी दुसरीच चर्चा चाले. मामा दर गणेशचवथीला भेटले की विचारत, "रोजगार विनिमय केंद्राचे कार्ड नवे केलेस ना?" गोव्यात सरकारी नोकरीच्या जाहिरातीला अर्ज करायचा तर ते कार्ड लागते, १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, आणि जाहिरातीत कोकणीचे ज्ञान आवश्यक व मराठीचे ज्ञान इष्ट असे लिहिलेले असते. माझी फाइल तयार होती. मीही चार ठिकाणी अर्ज केले. पण आमच्याकडे जाहिरात वाचण्याआधीच "कुणाची ओळख आहे का?" हा प्रश्न निघतो, आणि त्यानंतर अभ्यासाला कोणी बसत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. मामांनी एका ओळखीच्या माणसाकडे माझा बायोडेटा पोचवलाही होता. तो तिथे पोचला आणि तिथेच राहिला. वशिल्याने कुणाचेच काम होत नाही असे म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. परंतु त्याची वाट पाहण्यात माझे सहा महिने गेले, एवढे खरे. पुढे २०१९ च्याच कायद्याने सरकारी भरतीची परीक्षा घेणाऱ्या कर्मचारी निवड आयोगाची तरतूद झाली, आणि आता माझ्या धाकट्या चुलत बहिणीच्या तोंडी ओळखीपेक्षा संगणकावरील परीक्षेचा अभ्यासक्रम अधिक असतो, ही मला चांगली गोष्ट वाटते.

पावसाळा सरल्यावर मी बायोडेटा नव्याने लिहिला. धर्म, वडिलांचा व्यवसाय, छंद म्हणून वाचन, या सगळ्या ओळी काढून टाकल्या. प्रयोगशाळेत स्वतःच्या हातांनी काय केले तेवढेच ठेवले : टायट्रेशन (ब्युरेट नावाच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडून प्रमाण काढणे), पीएच मीटरचे कॅलिब्रेशन, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर लोहाचे प्रमाण काढणे. एचपीएलसीपुढे "तत्त्व माहीत आहे, प्रत्यक्ष काम केलेले नाही" असे स्पष्ट लिहिले. आणि दुकानातील दीड वर्ष, महिन्यांसकट, पहिल्या पानावर आणले. मैत्रिणीने हे वाचून मला वेड्यात काढले होते.

मग बोलण्याचा सराव. आमच्या घरी कोकणी बोलतात, मी पत्र आणि डायरी मराठीत लिहिते, आणि कारखान्यातील मुलाखत इंग्रजीत होते. मनात जुळलेले वाक्य ओठांवर येईपर्यंत वितळून जाई. म्हणून मी प्रत्येक प्रयोग आधी मराठीत सांगून पाहिला, काय घेतले, किती घेतले, काय दिसले, त्यावरून काय काढले या क्रमाने, आणि तो क्रम पक्का झाल्यावरच इंग्रजीकडे वळले. संध्याकाळी तुळशीसमोर दिवा लावून झाला की मी तिथेच उभी राहून टायट्रेशन समजावून सांगत असे. आई म्हणायची, तुळशीला आता ब्युरेट वाचता येत असेल.

डिसेंबरात वेर्ण्यातल्याच दुसऱ्या एका कंपनीचे बोलावणे आले. डिचोलीहून पणजी आणि तिथून कुठ्ठाळीमार्गे साध्या बसने वेर्णा. झुवारीवर तेव्हा नवा पूल नव्हता आणि जुन्या पुलापाशी वाहतूक तुंबायची, म्हणून दहाच्या मुलाखतीसाठी मी सहालाच घर सोडले. टेबलापलीकडे तिघे होते. त्यांतील एका बाईंनी माझ्यापुढे एक क्रोमॅटोग्राम, म्हणजे एचपीएलसीने काढलेला आलेख, ठेवला (त्यातल्या उंचवट्याला पीक म्हणतात) आणि विचारले, "हा पीक असा मागे शेपटी सोडल्यासारखा का दिसतो?" मी म्हटले, हे यंत्र मी चालवलेले नाही, पण वाचले आहे त्यावरून सांगते : पदार्थ आम्लारिधर्मी असेल तर कॉलममधील, म्हणजे यंत्रातल्या भरलेल्या नळीतील, सिलिकाचे मोकळे सिलॅनॉल गट त्याला धरून ठेवतात, त्याचा काही भाग उशिरा बाहेर पडतो, आणि मोबाइल फेजचा, म्हणजे त्यातून वाहणाऱ्या द्रावणाचा, पीएच बदलून पाहता येईल. "आणखी एखादे कारण?" मला दुसरे सुचले नाही आणि मी तसे सांगितले. कॉलम जुना होऊन त्यात पोकळी पडली तरी असे होते, हे त्यांनीच समजावले.

त्यानंतरची वीस मिनिटे मात्र दुकानावर गेली, याची मला अजून गंमत वाटते. माल आला की नोंद कोण करते, वहीतला साठा आणि प्रत्यक्ष साठा जुळला नाही तर काय करत होता, आधी आलेला माल आधी जातो याची काळजी कशी घेत होता, असे ते विचारत राहिले. दुकानात एकदा पीव्हीसी सॉल्व्हंटचे डबे मागच्या रांगेत राहून वाळून गेले होते. त्यानंतर मी प्रत्येक डब्यावर खडूने आल्याची तारीख घालू लागले होते. हे मी सांगितले तेव्हा तिघांपैकी सर्वांत वयस्कर गृहस्थांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिले.

नोकरी मिळाली. पत्रातील वार्षिक आकडा पाहून बाबा खूश झाले आणि पहिला पगार पाहून सगळेच गोंधळले, म्हणून एवढे इथे सांगून ठेवते : महिन्याचे मूळ वेतन १२,००० असेल, तर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के भविष्य निर्वाह निधी, म्हणजे १,४४०, आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ५७७ रुपये, बहुधा त्या वार्षिक आकड्यातच धरलेले असतात, आणि शिवाय आपल्या वाट्याचे १,४४० पगारातून कापले जातात. होकार देण्याआधी हातात किती येणार हे विचारण्यात काहीही गैर नाही. मी संकोचाने विचारले नव्हते.

आता वॉक-इनच्या, म्हणजे थेट येऊन द्यायच्या मुलाखतींच्या, रविवारी मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला असते आणि वजनांचा तक्ता मीच छापून नेते. दहांतले सात-आठ जण गिरवतात. एका मुलीने परवा पर्समधून पांढऱ्या शाईचे पेन काढले, तेव्हा मला माझाच हात आठवला. तिला मी पद्धत सांगितली आणि मग तिच्या प्रकल्पाबद्दल विचारले, कारण ही पद्धत दहा मिनिटांत शिकवता येते. न केलेले काम केले म्हणून सांगणाऱ्याचे काय करावे, ते मात्र मला अजून उमगलेले नाही.

त्याच दिवशी सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका मुलाने रेघ मारली, बरोबर आकडा लिहिला, सही केली, तारीख घातली, कारणही लिहिले. कागद देऊन तो दारापर्यंत गेला आणि परत आला. घाईत आपण शनिवारची तारीख घातली, असे म्हणून त्याने कागद मागून घेतला, तारखेवर एक बारीक रेघ मारली, शेजारी रविवारची तारीख घालून पुन्हा सही केली, आणि विचारले, "मॅडम, याचे कारण कुठे लिहू? जागा उरलेली नाही."