शाळेतल्या मुलांना एलएचसीचा खरा डेटा तपासायला दिला, तो माझा अनुभव

पार्टिकल फिजिक्स, म्हणजे सगळ्यात सूक्ष्म कणांचं शास्त्र, दहावी-अकरावीच्या मुलांना कळतं का असं बरेच जण विचारतात, म्हणून मास्टरक्लास कसा पार पडला ते सगळं लिहून काढतेय, कुणाला आपल्या मुलांसाठी करायचं असेल तर उपयोगी पडेल. मी शाळेत विज्ञान शिकवते, संशोधनातली नाही.

आधी हे आहे काय ते सांगते. एलएचसी म्हणजे जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतलं, प्रोटॉन प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवणारं यंत्र, आणि टकरीतून निघालेले कण टिपतो तो डिटेक्टर. इंटरनॅशनल मास्टरक्लास हा उपक्रम २००५ पासून चालू आहे, आयपीपीओजी नावाचा शास्त्रज्ञांचा आंतरराष्ट्रीय गट तो चालवतो. १५ ते १९ वयाची मुलं एक दिवस एखाद्या युनिव्हर्सिटीत किंवा संशोधन संस्थेत जातात, सकाळी लेक्चर, दुपारी एलएचसीवरच्या डिटेक्टरचा खरा डेटा स्वतः तपासायचा आणि शेवटी व्हिडिओ कॉलवर, त्याच दिवशी तेच काम केलेल्या दुसऱ्या देशांतल्या मुलांबरोबर निकाल जुळवून बघायचे. साधारण ६० देशांतली १३ हजारांवर मुलं दरवर्षी यात असतात. मला यातलं आवडलं ते हे की मुलांना नुसतं बघायला बोलवत नाहीत, काम देतात.

मोजमाप कुठलं घ्यायचं ते आधी ठरवावं लागतं. ॲटलास, सीएमएस, ॲलिस, एलएचसीबी या चारही प्रयोगांचे वेगवेगळे प्रकार आहेत. आम्ही सीएमएसचं घेतलं, कारण सगळं ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि जुन्या कॉम्प्युटरवर हा फार मोठा फायदा आहे. शिक्षकांसाठी आधी ऑनलाइन ओरिएंटेशन असतं, ते अजिबात चुकवू नका, मुलं करणार ते सगळं तिथे आपल्यालाच करायला लावतात.

आता तयारीबद्दल, इथे माझं मत ठाम आहे. सहा क्वार्क (प्रोटॉन ज्यांचे बनतात ते), सहा लेप्टॉन (इलेक्ट्रॉन, म्युऑन, न्यूट्रिनो यांचं कुटुंब), बोसॉन (बलं वाहून नेणारे फोटॉन, डब्ल्यू, झेड असे कण आणि हिग्ज) असा मूलकणांचा तक्ता पहिल्याच तासाला फळ्यावर काढू नका. मुलं तो पाठ करतात आणि तिथेच विषय संपतो. मी डिटेक्टरपासून सुरुवात केली. सीएमएस म्हणजे २१ मीटर लांब, १५ मीटर उंच, १४ हजार टनांचं यंत्र, जमिनीखाली १०० मीटरवर, आणि आत एकाभोवती एक थर, चाळणीवर चाळणी ठेवावी तसे. सगळ्यात आत सिलिकॉनचा ट्रॅकर, त्यात विद्युतभारित कणांचा मार्ग दिसतो. मग लेड टंगस्टेटचे स्फटिक, तिथे इलेक्ट्रॉन आणि फोटॉन थांबतात. मग हॅड्रॉनचा, म्हणजे प्रोटॉनसारख्या क्वार्कच्या बनलेल्या कणांचा, कॅलोरिमीटर (ऊर्जा मोजणारा थर), मग ३.८ टेस्लाचा मोठा सोलेनॉइड (चुंबकाचं वेटोळं) आणि त्याच्या बाहेर लोखंडात बसवलेले म्युऑन चेंबर, कारण म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, सगळ्यांतून आरपार जातो. न्यूट्रिनो कशातच दिसत नाही, पण प्रोटॉनच्या झोताला काटकोनात असलेल्या दिशेतल्या संवेगाचा हिशोब जुळला नाही की तो होता हे कळतं. एवढंच. कुठला कण कुठे थांबतो हे कळलं की मुलं स्वतःच विचारतात की मग कण आहेत तरी किती, आणि तेव्हा तक्ता काढायचा, तेव्हा तो त्यांना हवा असतो.

सकाळचं लेक्चर चांगलं झालं, त्यावर फार लिहीत नाही. पण क्लाउड चेंबर, म्हणजे कण गेले त्या वाटेवर धुक्याची रेघ उमटवणारी पेटी, दाखवला त्याबद्दल लिहायलाच हवं. काचेची पेटी, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला फेल्टचा पट्टा, खाली काळी धातूची प्लेट आणि त्याखाली उणे ७८ अंशांचा ड्राय आइस (हातमोजे आणि उघड्या खिडक्या यावर तडजोड नको). दिवे बंद करून बाजूने टॉर्च मारला की थोड्या वेळाने पांढऱ्या रेघा उमटायला लागतात, आखूड जाड रेघ अल्फा कणाची, वेडीवाकडी असेल तर कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन, आणि लांब सरळ बारीक असेल तर बहुतेक म्युऑन. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन जातो हे वाचणं वेगळं आणि समोर रेघ उमटताना बघणं वेगळं. १९३२ मध्ये अँडरसनने पॉझिट्रॉन, म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन, असल्याच रेघांमधून शोधला हे सांगितल्यावर मुलं पेटीपाशीच थांबली, उठवावं लागलं.

तिथेच नेहमीचा प्रश्न आला, एलएचसीमध्ये ब्लॅक होल तयार होऊन पृथ्वी गिळली तर? हा प्रश्न कधीही हसून टाळू नये, मुलांना खरंच भीती वाटत असते. उत्तर त्या रेघांमध्येच आहे, कारण ते म्युऑन अवकाशातून आलेले कण वातावरणावर आदळल्यामुळेच तयार होतात. अवकाशातून येणारे काही कण वातावरणावर एलएचसीपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेने आदळतात, अब्जावधी वर्षं आदळतायत, आणि पृथ्वी जागेवर आहे.

दुपारी खरं काम. जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला १०० इव्हेंट. एक इव्हेंट म्हणजे एका टकरीचं चित्र, ते फिरवून, झूम करून सगळ्या बाजूंनी बघता येतं. एलएचसीत प्रोटॉनचे गुच्छ सेकंदाला साधारण ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात आणि त्यातले हजारेकच इव्हेंट साठवले जातात, हे आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे समोरचं एकेक चित्र किती गाळून आलंय याची कल्पना मुलांना होती. प्रत्येक चित्राबद्दल ठरवायचं, इलेक्ट्रॉन आहे की म्युऑन, एकच लेप्टॉन आणि हरवलेली ऊर्जा (म्हणजे न्यूट्रिनो) आहे म्हणजे डब्ल्यू बोसॉन असेल का, की विरुद्ध भाराचे दोन आहेत, की चार आहेत, आणि कशातच बसत नसेल तर झू नावाचा वेगळा रकाना.

पहिली काही चित्रं फार हळू होतात, ते होऊ द्या. मध्ये बोलून उत्तर सांगायचा मोह आवरायला लागतो. एका जोडीत डब्ल्यूच्या भारावरून वाद सुरू झाला, म्युऑनचा मार्ग चुंबकीय क्षेत्रात कुठल्या बाजूला वळतो त्यावरून प्लस की मायनस ते कळतं, पण संवेग जास्त असेल तर मार्ग जवळजवळ सरळ दिसतो. एक म्हणतो डावीकडे, दुसरी म्हणते उजवीकडे. मग तिच्या लक्षात आलं की सोलेनॉइडच्या बाहेर चुंबकीय क्षेत्राची दिशा उलटी होते, म्हणजे म्युऑन बाहेर विरुद्ध बाजूला वळायला हवा, आणि त्यांनी बाहेरचा भाग झूम करून तपासला. तरी ठरेना. मला विचारलं, मॅडम बरोबर काय आहे? मी म्हटलं, याचं उत्तर मागे छापलेलं नाही, ठरत नसेल तर भार माहीत नाही असंही नोंदवता येतं. तो पर्याय तिथे असतोच. आयुष्यभर परीक्षा देणाऱ्या मुलांना 'ठरवता येत नाही' हेही मान्य उत्तर असतं हे पहिल्यांदा कळलं, आणि त्यानंतर सगळ्यांचाच काम करायचा सूर बदलला.

दोन लेप्टॉनच्या इव्हेंटमध्ये, ते दोन ज्या कणापासून आले असतील त्याच्या वस्तुमानाचा आकडा दिलेला असतो, तो हिस्टोग्राममध्ये भरायचा. ही गंमत मात्र सगळ्या जोड्यांचा डेटा एकत्र आल्यावरच दिसते, एका जोडीच्या आकड्यांतून काहीच कळत नाही. स्क्रीनवर हळूहळू उंचवटे दिसायला लागले, एक ३ जीईव्हीपाशी (जीईव्ही हे कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक, प्रोटॉन साधारण १ जीईव्हीचा), एक ९-१० च्या मध्ये आणि एक मोठा ९० च्या जवळ. पहिला जे-साय, जो १९७४ मध्ये सापडला आणि चार्म क्वार्क असल्याचं कळलं. दुसरा उप्सिलॉन, १९७७, त्याने बॉटम क्वार्क दाखवला. तिसरा झेड बोसॉन, सर्नमध्ये १९८३, वस्तुमान ९१.२. तीन मोठे शोध एका दुपारी एका आलेखात, आणि आलेख मुलांनी स्वतः भरलेला. तिथे मी थोडा वेळ काहीच बोलले नाही, मुलंच एकमेकांना समजावत होती.

एकाने विचारलं, झेडचं वस्तुमान एकच असेल तर उंचवटा एवढा रुंद का? याच्यापेक्षा चांगला प्रश्न दिवसभरात आला नाही. थोडी रुंदी डिटेक्टरच्या अचूकतेची, पण थोडी झेडची स्वतःची, कारण तो इतका कमी वेळ टिकतो की त्याचं वस्तुमान नेमकं एका आकड्यावर बसतच नाही, साधारण २.५ जीईव्हीची नैसर्गिक रुंदी आहे. अनिश्चिततेचं तत्त्व पुस्तकात ओळीभर असतं, इथे ते आलेखावर मोजता येतं.

डब्ल्यू प्लस आणि मायनस मोजले तर प्लस जास्त निघाले. आधी मुलांना वाटलं मोजणीत गडबड आहे. मग कुणीतरी म्हणालं प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एकच डाउन क्वार्क असतो ना. तेच कारण, अप क्वार्कपासून डब्ल्यू प्लस बनतो आणि डाउनपासून मायनस. सीएमएसने मोजलेलं गुणोत्तर १.४ च्या आसपास आहे, आमचं त्याच्या जवळपास आलं.

हिग्जबद्दल एक सूचना. 'चला हिग्ज शोधू' म्हणून जाहिरात करू नका. हिग्ज बोसॉनची एक खूण चार लेप्टॉनमध्ये दिसते, पण चार लेप्टॉनचे इव्हेंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, त्यातून १२५ जीईव्हीला काही आहे असं म्हणता येत नाही, आणि मुलं नाराज होतात. त्याऐवजी विचारा, किती इव्हेंट असते तर तुम्ही विश्वास ठेवला असता? तिथून ४ जुलै २०१२ ला ॲटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी हिग्जचा शोध जाहीर करायच्या आधी एवढी वाट का बघितली ते आपोआप समजतं.

व्हिडिओ कॉलची मुलांना धास्ती होती, इंग्रजीत बोलायचं म्हणून. आधी प्रत्येक गटाला दोनच वाक्यं तयार करायला सांगितली, आमचा आकडा हा आणि आम्हाला शंका ही. तेवढं पुरलं. दुसऱ्या देशातल्या गटाचा झेडही ९० च्या आसपासच आला तेव्हा इकडे टाळ्या पडल्या, आणि त्यांच्याकडेही भार न ठरलेले इव्हेंट होते हे ऐकून वाद घालणारी ती जोडी भलतीच खूश.

व्यवहारातल्या दोन गोष्टी. मास्टरक्लासचा मोसम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल असतो, तो परीक्षांच्या तोंडावर येतो तेव्हा मुख्याध्यापकांशी खूप आधी बोलून ठेवा. आणि तारीख जमली नाही तरी डेटा सगळ्यांसाठी खुला आहे, सर्नचं ओपन डेटा पोर्टल २०१४ पासून आहे, दोन-तीन तासिका सलग मिळाल्या तर वर्गातच सीएमएसचं मोजमाप करता येतं, फक्त सगळ्यांचा डेटा एकत्र करायला वेळ राखून ठेवा. पुढच्या वेळी आम्ही एलएचसीबीचं घेणार आहोत, त्यात डी-झिरो मेसॉन या चार्म क्वार्क असलेल्या, लगेच तुटणाऱ्या कणाचं आयुष्य मोजायचं असतं, ०.४ पिकोसेकंदाच्या आसपास येतं (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा हजारावा भाग). कुणी आधी केलं असेल तर मुलांना अवघड कुठे जातं ते नक्की सांगा.