बूड बघितल्याशिवाय

कुणाकडे गेलो आणि हातात हाताने घडवलेला कप आला की माझा हात आपोआप वळतो आणि मी तो पालथा करून बूड बघतो. रिकामा असेल तर ठीक. एकदा भरलेला असताना पण बघितलंय, पुढचं सांगत नाही.

खरंतर वरून सगळेच कप छान दिसतात, ग्लेझ म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत लेप सगळं झाकून टाकतो. पण बुडाला ग्लेझ नसतं, कारण तिथे लावलं तर 1,200-1,300 अंशांच्या भट्टीत ते वितळून खालच्या फरशीला चिकटणार आणि मग कपही गेला आणि फरशीही गेली. म्हणून कुंभार तेवढा भाग मेण लावून किंवा ओल्या स्पंजने पुसून मोकळा ठेवतो. आणि तिथेच मजा असते. माती नेमकी कुठल्या रंगाची आहे ते तिथे कळतं, फिरत्या चाकावरून तारेने कापताना उठलेली शिंपल्यासारखी वळणं दिसतात, कधी ग्लेझमध्ये बुडवताना जिथे धरलं तिथे बोटांचे ठसे राहून गेलेले असतात. बोटं कुणाची ते माहीत नसतं, पण आपली बोटं त्यावर ठेवून बघायचा मोह आवरत नाही.

आणि घडवणाऱ्याचा किंवा त्याच्या कारखान्याचा शिक्का! जमवणाऱ्यांचा जीव सगळा त्या शिक्क्यात. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानी कुंभार शोजी हमादा यांनी 1920 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्जला जी पॉटरी सुरू केली, तिथल्या भांड्यांवर 'एसआय' असा छोटासा शिक्का असतो, शेजारी घडवणाऱ्याची अक्षरं असली तर भाव वेगळा आणि नसली तर वेगळा. म्हणजे कप तोच, पण दोन अक्षरांनी त्याची जात बदलते. आता गंमत बघा, तोच हमादा जपानला परत गेल्यावर मात्र भांड्यांवर सही करेनासा झाला. भांडं बोलेल ते बोलेल. मग लोकांनी काय करावं, तर भांडं ज्यात येतं ती, त्याने सही केलेली लाकडी पेटी जपून ठेवायची. भांडं राहिलं आणि पेटी हरवली तर जमवणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होत असणार. मला हसू येतं, पण मी त्या जागी असतो तर पेटीलाही कुलूप घातलं असतं.

सहाचा सेट घ्यायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ओली माती वाळून भाजेपर्यंत 10-12 टक्के आकसते, त्यात प्रत्येक कपाचा कान वेगळा ओढलेला, त्यामुळे सहा भावंडं मिळतील, जुळी नाही. आणि ज्यांना जुळी हवी असतात ते पाहुण्यांसमोर उगाच खजील होतात. एकदा भट्टीतून नुकताच निघालेला एक बाऊल आणला होता तर रात्री शेल्फवरून टिंग... टिंग... असा आवाज, मला वाटलं उंदीर. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की त्यावर बारीक भेगांची जाळी पडते आणि ती पडताना असं वाजतं, कधी कधी कित्येक दिवस. बायको म्हणाली, पैसे देऊन तडे विकत आणलेस. मुद्दा बरोबर होता पण मी मान्य केला नाही.

माझ्याकडे एक कप बिनशिक्क्याचा आहे. कुणाचा, कुठला, काही पत्ता नाही, पण कानाच्या वर अंगठा टेकवायला छोटासा खळगा केलाय आणि अंगठा तिथे असा बसतो की बास. रोज हातात तोच येतो. शिक्केवाले वर शेल्फवर बसलेत, त्यांना मी आठवड्यातून एकदा पुसतो आणि पालथे करून वाचतो, "झालं का ओळखपत्र तपासून?" असं आतून विचारलं जातं.

गेल्या महिन्यात त्यातल्याच एका कपाच्या खरखरीत बुडाने टेबलावर ही मोठी रेघ ओढली. झालं, दुसऱ्या दिवशी घरी आलो तर एकूण एक कपांच्या बुडाला हिरवं फेल्ट चिकटवलेलं. शिक्के, तारेची वळणं, माती, सगळं गुडूप. टेबल वाचलं म्हणून मला आनंद झाल्याचं मी दाखवलं.

एकाचं एका कडेने नखाने थोडंसं सोलून ठेवलंय. अजून तिच्या लक्षात आलेलं नाही.