कोल्हापूरच्या कळंबा जेलमधून अपील : मुदत, नक्कल आणि उशिराचा खुलासा

शिक्षा लागली की घरचे पहिल्यांदा विचारतात, “हेबियस टाकता येईल का?” हेबियस म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाच्या याचिकेला मुदत नाही, पण ती बेकायदा अटकेसाठी. कोर्टाने दोषी ठरवून शिक्षा दिली असेल तर रस्ता अपिलाचाच, आणि तिथे दिवस मोजले जातात.

सेशन कोर्टाच्या शिक्षेवर हायकोर्टात अपील 60 दिवसांत, फाशी असेल तर 30. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सेशन कोर्टात 30. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्याने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची अपिलं इथेच दाखल होतात. मुंबईची फेरी वाचली, मुदत मात्र तीच आहे.

निकालाचा दिवस मोजायचा नाही. समजा निकाल 5 जानेवारी 2026 चा. 6 जानेवारी हा पहिला दिवस, 6 मार्च हा साठावा. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मिळायला 18 दिवस लागले असतील, तर तेवढे वजा होऊन मुदत 24 मार्चपर्यंत जाते. 27 एप्रिलला अपील दाखल केलं, तर उशीर 34 दिवसांचा. पुष्कळ अर्जांत इथेच 52 लिहिलेले असतात, म्हणजे नकलेचे दिवस वजा करायचे राहून गेलेले. नकलेवर मागच्या बाजूला अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख असते, तिथूनच आकडा घ्यावा. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडल्या दिवशी दाखल केलेलं चालतं.

आता खुलासा. मुदत कायद्याच्या कलम 5 खाली ‘पुरेसं कारण’ दाखवावं लागतं. “अर्जदार गरीब, अडाणी व जेलमध्ये असल्याने उशीर झाला” हे वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात असतं. ते खरंही असतं, पण त्यावरून न्यायाधीशांना काहीच कळत नाही. त्यापेक्षा असं लिहावं : “नक्कल अमुक तारखेला मिळाली. अमुक तारखेला मुलाखतीत भावाला दिली. त्याच्याकडे वकिलाच्या फीची सोय नव्हती. अमुक तारखेला विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला, वकील अमुक तारखेला नेमला.” प्रत्येक तारखेला एक कागद जोडावा : मुलाखतीची नोंद, आजारपण असेल तर जेल दवाखान्याचा कागद, वकील नेमल्याचं पत्र. 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने कातीजी प्रकरणात सांगितलं आहे की दिवसादिवसाचा हिशेब अतिरेकी काटेकोरपणे मागू नये. पण मधले तीन आठवडे कोरे सोडले, तर सरकारी वकील नेमकं तिथेच बोट ठेवतात.

निकालाची एक प्रत आरोपीला ताबडतोब, मोफत मिळाली पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं) कलम 404. ती उशिरा मिळाली असेल तर अर्जात ठळक लिहा, कारण तो उशीर बंद्याचा नाही.

वकील नसला तरी अपील अडत नाही. त्याच संहितेच्या कलम 424 प्रमाणे बंदी आपला अर्ज नकलेसह जेलच्या अधिकाऱ्याकडे देऊ शकतो, पुढे पाठवणं त्यांचं काम. मात्र देताना आवक नंबर आणि तारीख मागून घ्यावी, आणि पुढच्या मुलाखतीत घरच्यांनी ती लिहून आणावी. कागद वाटेत अडकला तर मुदतीत दिल्याचा तोच पुरावा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे फीसाठी पैसे जमवण्यात साठ दिवस घालवू नयेत.

विलंब माफीचा अर्ज अपिलासोबतच, शपथपत्रासह द्यावा, कारण विलंब माफ झाल्याशिवाय अपील नंबरावर येत नाही, म्हणजे कोर्टात नोंदलं जात नाही. शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्जही तयार ठेवा.