काचबिंदूचे थेंब आणि आईचा गाल

आईच्या काचबिंदूचं निदान पटकन झालं. अमळनेरहून जळगावला दोन खेपा, डोळ्याचं प्रेशर २६ (२१ च्या आत हवं), रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. माझा राग आहे तो औषधाच्या खिडकीवर. बाटली हातात ठेवली, "रात्री एक-एक थेंब", चला पुढचा नंबर.

आईचं पहिल्या दिवसापासून, "माले दिखस ना, मंग थेंब कसाले?" तिचं तरी काय चुकलं, काचबिंदूत बहुतेक वेळा दुखत नाही, लाल होत नाही, कडेची नजर हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही, हे तिला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. मी पण नाही.

मग तीन व्हिजिट. २४, २५, २४. दर वेळी एकच प्रश्न, "थेंब टाकता ना?" आई हो म्हणायची, आणि टाकत होतीच बिचारी. शेवटी दुसरी बाटली वाढवली, खर्च वाढला, मी घरी येऊन आईवरच ओरडलो. महिन्याची बाटली बारा दिवसांत संपायची, मेडिकलवाला म्हणालाही, "इतक्यात संपली?", तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती.

चौथ्या वेळी तीन तास बाकावर काढल्यावर प्रेशर बघणारी मुलगी म्हणाली, "आजी, माझ्यासमोर टाकून दाखवा बरं." पहिला थेंब गालावर, दुसरा पापणीवर, तिसरा पदरावर. मग तिने शिकवलं, खालची पापणी ओढून खिसा करायचा, बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही, एकच थेंब, डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबायचा. सगळं मिळून पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांसाठी सहा महिने गेले आमचे!

हां, दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं थांबा. दमा असेल तर आधीच सांगा, टिमोलॉल नावाचा काचबिंदूचा थेंब दम्याला चालत नाही. आणि फ्रीजचं राहिलंच, आमच्या रात्रीच्या थेंबाची न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची असते, आम्ही मे महिन्यात ४४ डिग्रीत पत्र्याखालच्या कपाटात ठेवलेली. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, आमचा हा थेंब सहा आठवड्यांनी उरला तरी फेकायचा.

आता प्रेशर १६. रक्ताच्या नात्यात असतो म्हणून माझंही तपासलं, १८ निघालं. आई खाटेवर आडवी होऊन टाकते, आणि शेजारच्या काकूंनाही थेंब लागलेत तर त्यांना दम भरते, "मन्हासमोर टाकी दखाड!"