पासष्टावे पान

गेल्या श्रावणात एका निवृत्त एस. टी. वाहकाचे आत्मकथन मी पोस्टाने मागवले. पुस्तक त्यांनी पदरमोड करून स्वतःच छापले होते. डेमी आकार, १७६ पाने, किंमत २२० रुपये, मुखपृष्ठावर लाल गाडी आणि मलपृष्ठावर खाकी गणवेशातले लेखक. पहिली ६४ पाने मी दोन रात्रींत वाचली. ६४व्या पानाच्या शेवटी मुक्कामी गाडी डोंगराखालच्या एका वस्तीवर पोहोचते, चालक इंजिन बंद करतो आणि अंधारातून कोणीतरी कंदील घेऊन येताना दिसते. उत्सुकतेने पान उलटले, तर समोर पुन्हा ४९वे पान. तिथून ६४पर्यंतचा मजकूर जसाच्या तसा दुसऱ्यांदा आला होता आणि त्यानंतर एकदम ८१वे पान होते.

ज्यांनी कधी छापखान्यात वेळ घालवला आहे त्यांना हा प्रकार लगेच कळेल. पुस्तक १६-१६ पानांच्या फर्म्यांनी बनते. बांधणीच्या वेळी हे फर्मे क्रमाने एकावर एक रचताना चौथा फर्मा दोनदा उचलला गेला आणि पाचवा ढिगातच राहिला. चूक मोठी नव्हे, छापखान्यांत ती होत असते. माझी झोप उडवली ती त्यानंतरच्या संभाषणाने.

मी लेखकांना फोन केला. पुस्तक गुढीपाडव्याला प्रकाशित झाले होते, म्हणजे मध्ये चार महिने उलटून गेले होते. ते आधी गप्पच झाले, मग म्हणाले, "ताई, दीडशे प्रती वाटल्या मी. मला कुणीच काही बोललं नाही." थोड्या वेळाने त्यांनी घरातले गठ्ठे सोडून एकेक प्रत तपासली. शिल्लक ११२ प्रतींपैकी ७० प्रतींत पाचवा फर्मा नव्हता. वाटलेल्या प्रतींतही अशा पुष्कळ असणार, हे उघडच होते. त्यांच्याकडे अभिप्रायांची एक फाइल आहे, ती त्यांनी नंतर मला दाखवली. वीसेक पत्रे, काही छापील शीर्षपत्रांवरची. त्यांतल्या चौघांनी "एका बैठकीत वाचून संपवले" असे लिहिले आहे.

त्या चौघांना हसण्याचा अधिकार मला नाही. काही वर्षांपूर्वी एका परिचित लेखिकेच्या स्वप्रकाशित कादंबरीची सुमारे ४० पाने वाचून मी तिच्यावर चांगला भरघोस मजकूर लिहिला होता. तिने आनंदाने फोन केला आणि सहज विचारले, "धाकट्या जावेचं शेवटी जे होतं, ते तुम्हाला पटलं का?" मी "हो, अगदी अपरिहार्य वाटलं" असे उत्तर दिले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. धाकटी जाऊ त्या कादंबरीत शेवटपर्यंत सुखरूप असते, हे मला पुढे पूर्ण पुस्तक वाचल्यावर समजले. त्या शांततेची लाज अजून गेलेली नाही आणि ती जाऊ नये असेच मला वाटते, कारण माझे सगळे नियम तिच्यातूनच आले आहेत.

नियम साधे आहेत. महिन्याला एक स्वप्रकाशित पुस्तक मी विकत घेते, छापील किमतीला आणि शक्यतो थेट लेखकाकडून. "सप्रेम भेट" नम्रपणे नाकारते. पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्याविषयी जाहीरपणे एक ओळही लिहीत नाही. वाचताना हातात पेन्सिल असते आणि मुद्रणाच्या चुकांची यादी लेखकाला खासगीत कळवते, म्हणजे दुसरी आवृत्ती निघाली तर ती उपयोगी पडेल. (दुसरी आवृत्ती बहुधा निघत नाही, तरीही यादी करते.) या चुकांतही एक ओळखीचा नमुना असतो. मजकूर श्री-लिपी या जुन्या टंकप्रणालीतून युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरे सुटी होतात आणि लेखकाला वाटते, डीटीपी करणाऱ्याने बघितलेच असेल.

भेटप्रत नाकारण्यामागे तत्त्वज्ञान नाही, हिशेब आहे. माझा स्वतःचा कथासंग्रह मी २०१८ साली काढला, तेव्हा ३०० प्रती छापल्या. किंमत १८० रुपये ठेवली होती आणि छपाई-बांधणीचा खर्च प्रतीमागे ८५ रुपयांच्या आसपास आला होता. वितरकाने ५० टक्के सवलत मागितली, पैसे विक्रीनंतर, आणि पुस्तके त्याच्या गोदामापर्यंत पोहोचवण्याचा खर्च माझा. म्हणजे प्रतीमागे पाच रुपये उरायचे आणि तेही रिक्षात जायचे. सवलत मागणारा वितरक लबाड नव्हता. त्यालाही दुकानदाराला वाटा द्यायचा होता, न खपलेल्या प्रती परत घ्यायच्या होत्या. पण या हिशेबात ओळख नसलेल्या लेखकाच्या ३०० प्रती कुठेच बसत नाहीत. त्या दिवाणाखाली बसतात. माझ्या आजही ४१ प्रती तिथे आहेत आणि पाहुणे मुक्कामाला आले की गादीबरोबर त्याही बाहेर काढाव्या लागतात.

त्यात नवख्या लेखकाला पॅकेज विकणारे भेटतात. मुखपृष्ठ, छपाई, प्रकाशन समारंभ आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असे सगळे एकत्र, आणि त्या यादीत आयएसबीएनची रक्कम वेगळी लावलेली मी स्वतः पाहिली आहे. हा क्रमांक दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते, लेखक स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो, एवढी साधी गोष्ट आपण एकमेकांना सांगत नाही. स्वतः पुस्तक काढलेल्या माणसाने दुसऱ्याला करण्याजोगी पहिली मदत माझ्या मते हीच आहे: आपण कुठे फसलो ते न लाजता सांगणे.

टपालखर्चाचा प्रश्न अलीकडे थोडा हलका झाला आहे. डिसेंबर २०२४मध्ये नोंदणीकृत बुकपोस्ट बंद झाले, तेव्हा आम्ही सगळेच हवालदिल झालो होतो, कारण कुरिअरने पुस्तक पाठवायचे तर पुस्तकाच्या निम्म्या किमतीइतका खर्च त्यावरच होई. मग १ मे २०२५पासून टपाल खात्याने 'ज्ञान पोस्ट' सुरू केले. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पुस्तक भूपृष्ठमार्गाने येते, म्हणून दिवस लागतात, पण वाहककाकांचे पुस्तक माझ्याकडे असेच आले, तपकिरी कागदात, सुतळीने बांधलेले, एस. टी.च्या पार्सलासारखे. पत्ता त्यांनी इतक्या नेटक्या अक्षरात लिहिला होता की वेबिल, म्हणजे वाहकाचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरण्याची आयुष्यभराची सवय मला त्यात दिसली.

स्वतः छापलेले म्हणजे कुणी न स्वीकारलेले, असा एक सूर मराठीत नेहमी ऐकू येतो. त्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पण स्वीकारणारा कोण आणि तो का थांबला, हेही विचारावे. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला, तेव्हा 'दीनबंधु'ने, म्हणजे त्यांच्याच चळवळीतल्या पत्राने, पहिली दोन प्रकरणे छापून पुढची छापण्याचे थांबवले होते. १९५४ साली मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे अनियतकालिक काढले, ते सायक्लोस्टाइल करून. कोलटकरांची इंग्रजी 'जेजुरी' १९७६ साली आली, ती कवींनीच एकत्र येऊन चालवलेल्या 'क्लिअरिंग हाउस'तर्फे. कवींनी कवींचे पुस्तक काढले, याचा अर्थ निदान काही कवींनी ते आधी नीट वाचले होते. मला त्या उदाहरणांतला हा भाग महत्त्वाचा वाटतो. स्वतः छापण्याचे धाडस आज पुष्कळांकडे आहे, यंत्रेही स्वस्त झाली आहेत. छापण्याआधी वाचणारा मित्र मात्र दुर्मीळ झाला आहे.

म्हणूनच पाठिंबा या शब्दाचा अर्थ कौतुक असा मी घेत नाही. मागच्या वर्षी तासगावकडच्या एका तरुण द्राक्ष बागायतदाराची कादंबरी वाचली. तीत अवकाळी पावसाची एक रात्र आहे. रात्री दोनला पाऊस थांबतो आणि घरातली सगळी माणसे, म्हातारी आजीसुद्धा, बॅटऱ्या घेऊन बागेत शिरतात. ट्रॅक्टरच्या ब्लोअरने घडांवरचे पाणी उडवणे चालू असते, ब्लोअर न पोहोचणाऱ्या ओळींत आजी एकेक घड हलक्या हाताने झटकते आणि झटकता झटकता कर्जाचा आकडा पुटपुटत राहते. असे प्रकरण ज्याने बाग केली आहे त्यालाच लिहिता येईल. मात्र त्याच कादंबरीतली नायिका तोंड उघडते ती थेट दूरदर्शन मालिकेतल्या सुनेसारखी बोलते, आणि शेवटची ३० पाने तिच्या भाषणांतच संपतात. मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. पहिली सविस्तर, दुसरी तीन वाक्यांत. त्या तरुणाने तेव्हापासून माझा फोन उचललेला नाही. पुस्तक मी आजही लोकांना विकत घ्यायला सांगते आणि ती बागेची रात्र वाचून दाखवते.

ज्यांत मला काहीच सापडत नाही अशा पुस्तकांविषयी मी लिहीत नाही. अलीकडे ८० पानांचा एक कवितासंग्रह आला. त्यात तीन प्रस्तावना होत्या आणि त्यांनीच २२ पाने व्यापली होती. लेखकाला फक्त चुकांची यादी पाठवली. हा भित्रेपणा आहे का, याचा मी बराच विचार केला. प्रस्थापित प्रकाशनाच्या वाईट पुस्तकाला जाहिरात असते, शेल्फ असते, म्हणून त्यावर कठोर लिहिणे न्याय्य ठरते. शंभर प्रतींच्या पुस्तकाला दोष देऊन मी कोणाला सावध करणार आहे?

पैसे नसतील तेव्हाही एक गोष्ट करता येते आणि ती पुरेशी केली जात नाही. आपल्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात सभासदांसाठी मागणीची वही असते. तीत पुस्तकाचे नाव, लेखक, किंमत आणि मिळण्याचा पत्ता लिहावा. आमच्या ग्रंथपालबाई सांगतात की एकाच पुस्तकाची मागणी तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आली की त्या ते पुस्तक खरेदी समितीपुढे नक्की ठेवतात. मी, माझी बहीण आणि शेजारचे निवृत्त गुरुजी अशी आमची तीन हस्ताक्षरे आता त्यांना पाठ झाली आहेत, आणि त्या तरीही ठेवतात.

वाहककाकांच्या पुस्तकाचे पुढे असे झाले. छापखान्याने आधी हात झटकले, पण काकांनी ७० प्रती टेबलावर मांडल्यावर पाचवा फर्मा पुन्हा छापून देण्याचे मान्य केले. काकांनी तो एका पाकिटात घालून मला पाठवला आणि मी तो गव्हाच्या खळीने माझ्या प्रतीत चिकटवला. ६५व्या पानावर कळले, कंदील घेऊन येणारी एक म्हातारी असते. तिला गाडीने कुठेच जायचे नसते. दर मुक्कामाला ती चालक-वाहकांसाठी दोन भाकरी आणि लसणाची चटणी आणते, आणि मोबदल्यात तालुक्याहून आणलेले शिळे वर्तमानपत्र मागते, चूल पेटवायला नव्हे, तर नातवाकडून वाचून घ्यायला. एके रात्री काका वर्तमानपत्र आणायला विसरतात, म्हणून तिकिटांच्या पेटीतली दरपत्रकाची पुस्तिका तिला देतात, आणि पुढच्या मुक्कामाला तो मुलगा त्यांना सगळ्या थांब्यांची नावे आणि भाडी ओळीने म्हणून दाखवतो. १७६ पानांत याहून चांगले प्रकरण नाही.

काकांनी प्रती दिलेल्या दीडशेही जणांना पोस्टकार्डे टाकली: आपल्या प्रतीत ६५ ते ८० ही पाने नसल्यास कृपया कळवावे, फर्मा विनामूल्य पाठवू. परवा बोलणे झाले तेव्हा ११ उत्तरे आली होती. आठ जणांनी प्रत नुकतीच उघडून पाहिली असून ती व्यवस्थित असल्याचे कळवले होते. तिघांनी फर्मा मागवला होता. त्यांतल्या एकाने, पुस्तक त्याच पानावर अडले म्हणून कपाटात ठेवून दिले होते, पण लेखकाला वाईट वाटेल म्हणून सांगितले नाही, असे प्रामाणिकपणे लिहिले होते. उरलेल्या फर्म्यांचा गठ्ठा काकांनी सुतळीने बांधून दाराशेजारी ठेवला आहे, आणि पोस्टमन आला की ते आधी तिकडे बघतात.